बुजवलेल्या विहिरीची दवंडी

नगर जिल्ह्याच्या कोरड्या अंगाला असलेलं हे गाव. नाव सांगत नाही. ज्यांनी हे केलं त्यांची नातवंडं अजून तिथे मानाने नांदताहेत, उगाच त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायला नकोत. गावाला नगरपालिका होती, आणि नगरपालिका काय म्हणते ते लोकांना कळायचं अल्लाबक्षच्या तोंडून.

अल्लाबक्ष दवंडी द्यायचा. ठराव झाला की हेडकारकून त्याला मजकूर वाचून दाखवी. अल्लाबक्षला अक्षरओळख नव्हती. तो ऐकून पाठ करी आणि डफ वाजवत गल्लोगल्ली सांगत फिरे. बापाने त्याला एकच गोष्ट बजावली होती, पदरचं घालायचं नाही आणि दिलेलं गाळायचं नाही. ते त्याने जन्मभर पाळलं. ‘अल्लाबक्ष सांगून गेला’ म्हटलं की गावात पुढे कोणी खातरजमा करत नसे.

या भरवशानेच घात केला. दुसरी जागतिक लढाई चालू असताना, पटकीची साथ ओसरल्यावर एक दवंडी निघाली: ‘खालच्या आळीतली विहीर आरोग्यास घातक आहे, सबब ती बुजवण्यात यावी. त्या जागी दिवाळीच्या आत नगरपालिका नळ देईल.’ अल्लाबक्षचं घरही खालच्या आळीतच. बायका कुरकुरल्या. आळीतली सगळ्यात जुनी बाई रंगुबाई विहिरीच्या काठावरच बसून राहिली.

“आदी नळ दावा, मंग हीर बुजवा,” ती म्हणाली.

तिला उठवलं ते अल्लाबक्षनेच. “मावशी, म्या कवा खोटी दवंडी दिलीया का?”

रंगुबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि ती उठली. विहीर बुजली.

दिवाळी आली, गेली. पुढचीही गेली. नळ कुठला! बायका नदीच्या वाळूत झरे उकरून वाटीवाटीने घागरी भरू लागल्या. अल्लाबक्षची बायको मेहताब त्यांच्यातच होती. तिच्याशी बायका बोलत, अल्लाबक्ष दिसला की गप्प होत. रंगुबाईने तर त्याच्याशी बोलणंच टाकलं. ठराव करणारे आपापल्या ओसरीवर पान जमवत बसले होते आणि तळतळाट लागत होते या गरिबाला. कारण लोकांनी ठराव पाहिला नव्हता, अल्लाबक्षला ऐकलं होतं.

मग लढाई संपली. गावाच्या सुधारणेसाठी सरकारकडून पैसा मंजूर झाला आणि तो कशावर खर्चायचा हे ठरवायला सभा भरली. ‘आज नळाचं व्हनार,’ असं मेहताबला सांगून अल्लाबक्ष सभागृहाच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

अध्यक्ष काकासाहेबांनी पहिलाच विषय काढला तो बागेचा. बागेत बँड वाजवायला एक चबुतरा हवा, पुढे कमान हवी. आता गावात बँड नव्हता. लग्नालासुद्धा तो नगरहून आणावा लागे. पण चबुतऱ्यावर छप्पर पत्र्याचं की कौलाचं, यावर ही शहाणी माणसं दुपार कलेपर्यंत भांडली. कमानीवर मोर असावेत की हत्ती, यावर दोघांची अगदी हमरीतुमरी झाली. चहा आला तेव्हा सहादेव नावाच्या एका सभासदाने भीत भीत खालच्या आळीच्या नळाचं नाव काढलं.

“पाणी काय, नदीला आहेच की,” काकासाहेब कपातला चहा बशीत ओतत म्हणाले. “गावाला काही शोभा नको का?”

सगळे हसले. बशी रिकामी व्हायच्या आत नळाचा विषय संपला होता. दारातल्या अल्लाबक्षच्या अंगाचा तिळपापड झाला. नदीला आहेच! यांच्यापैकी एकाची तरी बायको त्या वाळूत गुडघे टेकून बसली होती का?

हेडकारकुनाने मजकूर वाचला: ‘बागेत बँडचा चबुतरा व कमान होणार आहे. गुरुवारी पायाभरणी आहे. सर्व नागरिकांनी आनंदाने हजर राहावे.’

“खालच्या आळीत जरा जोरात सांग,” काकासाहेब म्हणाले. “गर्दी दिसली पाहिजे.”

अल्लाबक्ष निघाला, पण आळीकडे वळला नाही. तो पेठेत गेला. पेठेत दवंडी कधी जात नसे. ठराव करणारे तिथेच राहत, त्यांना कोण काय सांगणार? काकासाहेबांच्या ओट्यासमोर उभं राहून त्याने डफावर थाप मारली आणि चबुतऱ्याची दवंडी दिली. मग पुन्हा थाप मारली आणि विहिरीची दवंडी दिली, नळासकट, दिवाळीसकट, शब्दाला शब्द. मग परत चबुतरा, परत विहीर. दारं उघडली, माणसं जमली. काकासाहेब सभेहून परतले ते या गर्दीतच.

“अरे, ही जुनी दवंडी तुला कुणी द्यायला सांगितली?”

“तुमीच, साहेब. येक सबुद कमी-जास्त असंल तर सांगा.”

“ती केव्हाच संपली!”

“संपल्याची दवंडी न्हाई निगाली, साहेब. नळ देनार न्हाई आसं सांगा, ती बी देतो. हितंच देतो.”

सगळी पेठ ऐकत होती. मग काकासाहेबांनी अधिकार दाखवला. अल्लाबक्षला नोकरीवरून काढलं आणि डफ नगरपालिकेचा म्हणून हिसकावून घेतला.

अल्लाबक्ष रिकाम्या हाताने आळीत आला. बातमी त्याच्या आधी पोचली होती. बायका दारात उभ्या होत्या. बुजवलेल्या विहिरीवर तो जाऊन बसला. संताप होताच, पण आता त्याला लाजही वाटत होती. ओरडून ओरडून पदरात काय पडलं? नळ नाही तो नाहीच, होती ती भाकरीही गेली.

रंगुबाई आली. कमरेवरची पितळी घागर तिने त्याच्यापुढे पालथी ठेवली.

“ही वाजीव, अल्लाबक्षा,” ती म्हणाली. विहीर बुजल्यापासून ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होती. “चल पेठंत. आमी बी येतो. रिकामीच हाय, चांगली वाजंल.”