थंड खोलीचे काका

केंब्रिजच्या त्या इमारतीत मोठमोठे प्राध्यापक एकमेकांना हटकायला कचरत. काका मात्र कुणालाही दारात थांबवून बूट काढायला लावत.

काका मूळचे साताऱ्याचे, विभागात तंत्रज्ञ. तळघरातली एक थंड खोली त्यांच्या ताब्यात होती. तिथल्या टाक्यांतून पाणी सतत वाहतं ठेवलेलं, आणि त्यात इराणच्या डोंगरी ओढ्यांतले सॅलॅमँडर: दिसायला पालीसारखे, गोताने बेडकाचे, काळ्या अंगावर पिवळे ठिपके. तिकडे ओढे आटत होते, उरलेसुरले प्राणी हौशी लोकांना विकायला पकडले जात होते. इथले जगले, तर त्यांची पिल्लं कधीतरी परत सोडता येतील, एवढीच आशा.

मी तिथे संशोधक विद्यार्थी होतो. खोलीचं तापमान नोंदवणारी माझी यंत्रणा काकांना पटत नव्हती. ते मनगट पाण्यात बुडवून पाहत. "तुझं यंत्र हवेचं सांगतं रे. हे हवेत राहतात का?" दुसऱ्या दिवशी मी निमूटपणे टाकीत तापमापक बसवला. काकांनी त्याच्याशेजारी मनगट बुडवलं आणि तो बरोबर असल्याचं मान्य केलं.

बुटांचं कारण साधं होतं. बेडकांच्या गोतावळ्याला मारणारी एक बुरशी तेव्हा जगभर पसरत होती, आणि ती चिखलातून, ओल्या तळव्यांवरूनही येते. पण भारतीय माणूस उंबऱ्यावर बूट काढायला सांगतो म्हटल्यावर विभागप्रमुखांनी ती त्यांची श्रद्धा ठरवली आणि प्रत्येक पाहुण्याला हलक्या आवाजात तसं बजावू लागले.

"काका, त्यांना खरं का नाही सांगत?" मी विचारलं.

"पहिल्या वर्षी सांगितलं होतं. तेव्हा कोणी बूट काढत नव्हतं."

मग एक बडे पाहुणे आले. खोली चालू ठेवायची की बंद करायची, हे त्यांच्या शब्दावर होतं. ते थेट कुठल्याशा तळ्याची पाहणी करून आलेले. बूट त्यांनी आदराने काढले, आत आले, आणि फोटोसाठी टाकीत हात घालू लागले. विभागप्रमुख कौतुकाने हसत होते. श्रद्धेत हातांचा उल्लेख नव्हता.

काकांनी पाहुण्यांचं मनगट धरलं. "सर, यात देवाचा काही संबंध नाही. तुमच्या हाताला त्या तळ्याचं पाणी लागलंय. त्याने हे मरतील."

पाहुण्यांनी हात मागे घेतला आणि बेसिन कुठे आहे ते विचारलं. खोली वाचली. महिनाभरात तोच नियम तीन पानी इंग्रजीत दारावर लागला आणि तेव्हापासून लोक त्यावर वाद घालू लागले.

काका निवृत्त झाले त्या वसंतात टाकीतल्या दगडाखाली पहिल्यांदा अंडी दिसली. निरोप समारंभात प्रमुखांनी लांबलचक भाषण केलं आणि शेवटी जाहीर केलं, की इराणला निघालेल्या तुकडीबरोबर काकांनी यावं, त्या ओढ्याकाठी उभं राहावं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी आभार मानले आणि नकार दिला.

बाहेर आल्यावर मी चिडलोच. इतकी वर्षं ज्यांच्यासाठी काढली, त्यांचं घर एकदा बघावंसं वाटत नाही?

"वाटतं ना," काका म्हणाले. "पण तिथे गेलो तर पाण्यात पाय घातल्याशिवाय राहवणार नाही मला."