मंगळी गप्प राहिली तो दिवस

मंगळी बोलायला लागली की अंगणातल्या कोंबड्यासुद्धा थांबून ऐकतात, असं तिचा नवरा पोशा सांगायचा. कोंबड्या थांबत त्या दाण्यांसाठी. पण तिच्यापुढे पोशाच्या वाट्याला एवढंच एक वाक्य यायचं, म्हणून कुणी ते खोडत नसे.

पळसदरीच्या वर डोंगराच्या कुशीत ठाकरवाडी, तिथली ही मंगळी. झाडपाल्याचं ज्ञान तिला आईकडून आलेलं. सन चव्वेचाळीसच्या थंडीत कडावची सोनुबाई धापा टाकत तिच्या दारी आली. तिची लेक जयवंता पहिलटकरीण, मूल बारा दिवसांचं, आणि अंगावर दूध नाही. मंगळीनं शतावरी देते म्हणून शब्द दिला आणि सोनुबाईला पुढं पाठवलं.

शतावरी आणायची रीत मात्र कडक होती. संध्याकाळी वेलीपाशी तांदळाचे चार दाणे ठेवून उद्या येते असं सांगायचं. पहाटे खणायचं, मुळ्या घेऊन बुडखा परत मातीत पुरायचा. आणि मुळ्या बाळंतिणीच्या उंबऱ्यावर ठेवीपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही.

इथंच मंगळीची पंचाईत होती. मागच्या साली अशाच मुळ्या नेताना कुणाची तरी शेळी वरईत शिरलेली दिसली आणि तिनं शेळीसकट शेळीवाल्याचा उद्धार केला. मुळ्या पोचल्या, पण त्या बाईला दूध काही आलं नाही. ही गोष्ट पोशा सोडून कुणाला ठाऊक नव्हती, आणि मंगळीला ती विसरता येत नव्हती.

"तुला नाय जमायचं गं," पोशा म्हणाला. "मी जातो."

"वेलीला मी बोलावणं केलंय. मीच जानार."

पहाटे काटेरी वेलीखालून बोटाएवढ्या पांढऱ्या मुळ्यांचा घोस निघाला. तो फडक्यात बांधून ती निघाली आणि डोंगर उतरते न उतरते तोच जंगलचा राखा आडवा आला. गाठोड्यात काय, कुठून आणलं, कुणाला विचारून? मंगळी गप्प. राख्याला वाटलं बाई मुकी आहे, आणि त्याचा आवाज जरा मऊ झाला. नेमका तेव्हाच ओळखीचा गाडीवान गोमा बैल हाकत आला आणि हसत सुटला. ही मुकी असेल तर माझे बैल कीर्तन करतात, असं सांगून तो पुढं गेला. मग राखा जो चिडला!

नाव सांग आणि जा, एवढंच शेवटी त्यानं मागितलं. एका शब्दाचं काम होतं. मंगळीच्या जिभेवर तो शब्द आणि त्यामागं राख्याच्या सात पिढ्या, सगळं येऊन बसलं होतं. तिनं दात आवळले, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि चालू लागली. भर रस्त्यात बाईमाणसाला हात लावायची राख्याला छाती नव्हती. तोही ओरडत मागं निघाला. कर्जत मागं पडलं, भाताची रिकामी खाचरं मागं पडली. वाटेत ओळखीच्या दोन बायांनी हाक मारली, तिनं मान वळवली नाही. उद्या भांडायला येतील तेव्हा पाहू.

कडावला सोनुबाईच्या दारात बाळाचं किरटं रडणं ऐकू येत होतं. मंगळीनं मुळ्या उंबऱ्यावर ठेवल्या, पाठ सरळ केली आणि राख्याकडे वळली.

"हां. आता इचार, काय इचारायचं हाय ते."

राख्यानं विचारलं, ही त्याची चूक. चुलीवर चहा उकळून थंड झाला तरी तिचं उत्तर चालू होतं. शेवटी तोच चहा पिऊन बिचारा आल्या वाटेनं गेला.

मंगळी मात्र गेली नाही. मुळ्या धुऊन, सोलून, ठेचून तिनं दुधात उकळल्या, जयवंताला रोज दोन वेळा स्वतःच्या हातानं पाजल्या आणि घरी जातेस का म्हणणाऱ्या सोनुबाईला गप्प बसवलं. पाचव्या दिवशी सकाळी बाळ पिता पिताच झोपलं. ओठाच्या कोपऱ्यातून दुधाचा ओघळ गळ्यापर्यंत आला होता. मंगळीनं तो पदरानं पुसला नाही. बराच वेळ नुसती बघत राहिली, अगदी न बोलता, आणि त्या वेळी तर तिला बोलण्यापासून कुणी अडवलंही नव्हतं.