त्रयोदशी आणि अर्धं तिकीट

मामाच्या लग्नाला जायची तिकिटं वडिलांनी दौऱ्यावर निघण्याआधीच काढून ठेवली होती. हावड्याहून जळगाव, आईचं पूर्ण आणि माझं अर्धं. बारा वर्षांखालच्या मुलांना अर्ध्या भाड्यात जाता यायचं, आणि मला अजून बारा पूर्ण व्हायची होती. आईने ती तिकिटं देवाजवळच्या डबीत ठेवली होती आणि मला डबीला हात लावायची बंदी होती. मी अर्थातच रोज उघडून बघत होते.

निघायला तीन दिवस उरले असताना मामाचं पत्र आलं. नवरीच्या थोरल्या वहिनीला दिवस भरायच्या आधीच मुलगा झाला होता, त्यामुळे त्यांच्या घरी सोयर होतं, आणि मुहूर्त दहा दिवस पुढे ढकलला होता. खाली मामाने लिहिलं होतं, "भाचीबाईंना सांग, वरातीत घोड्यावर माझ्यापुढे बसायची तालीम करायला दहा दिवस जास्त मिळाले."

आईने पत्र दोनदा वाचलं. मग पंचांग काढलं, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "अगं बाई! तुझी त्रयोदशी मध्ये येते."

आमच्याकडे वाढदिवस तिथीने व्हायचे. माझा वैशाख शुद्ध त्रयोदशीचा. जुन्या तारखेला निघालो असतो तर मी अकरा वर्षांची म्हणून निघाले असते. नव्या तारखेला त्रयोदशी उलटून आठ दिवस झालेले असणार, म्हणजे मला बारा पूर्ण. शाळेच्या दाखल्यावरची इंग्रजी तारीख त्याच्याही पुढे होती, पण तिला आमच्या घरात कुणी विचारत नव्हतं. पूर्ण तिकिटाचे पैसे घरात नव्हते आणि वडील परतायचे होते ते लग्न उरकल्यावरच.

"मग तू खाली काकीमांकडे राहा," आई म्हणाली. काकीमा म्हणजे आमच्या बागबाजारच्या घराच्या मालकीणबाई. माणूस मायेचं होतं, पण तो प्रश्नच नव्हता. आईचे डोळे भरले होते, तरी अर्धं तिकीट परत करायचं हे तिने ठरवून टाकलं होतं. आई खोटं बोलायची नाही. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. अशा आईच्या पोटी जन्म घेऊन बघा, म्हणजे कळेल.

दुसऱ्या दिवशी ट्राममधून आम्ही डलहौसीकडे रेल्वेच्या बुकिंग ऑफिसात गेलो. आईला बंगाली येत नव्हतं, हिंदी कामापुरतंही नव्हतं. घराबाहेर तिची जीभ म्हणजे मी. ती मराठीत सांगायची आणि मी फडाफडा बंगालीत बोलायची, ह्याचा मला एरवी फार तोरा होता.

ते दालन मी पहिल्यांदाच बघत होते. छत इतकं उंच, की वर लांब दांड्यांना लटकलेले पंखे फिरत होते त्यांचा वारा खाली पोचतच नव्हता. खिडक्यांची रांग लांबच लांब, प्रत्येक खिडकीत पितळी गज, आणि गजांमागे तारखेचा ठसा उमटवणारं यंत्र. त्यात पुठ्ठ्याचं तिकीट सरकवलं की खाड् असा आवाज यायचा. चहूकडून खाड् खाड् चाललेलं. प्रत्येक आवाजासरशी कुणीतरी कुठेतरी जायला मोकळं होतंय, असं वाटून मी आ वासून उभी होते. आईने दंडाला धरून ओढलं तेव्हा भानावर आले.

आमच्या खिडकीत एक वयस्क बाबू होते. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, बोटं शाईने निळी. आई म्हणाली, "त्यांना सांग, माझ्या तिकिटाची तारीख बदलून द्या आणि हिचं तिकीट परत घ्या."

मी बंगालीत सांगितलं, "दोन्ही तिकिटांची तारीख बदलून द्या."

आजही सांगताना कानशिलं तापतात. पण तेव्हा जीभ अडखळलीसुद्धा नाही.

बाबूंनी तिकिटं घेतली, नवी तारीख विचारली आणि चष्म्यावरून मला आपादमस्तक न्याहाळलं. मी आईच्या खांद्याला लागत होते. "खुकी, बयस कतो?"

"एगारो," मी म्हटलं. अकरा.

"काय विचारतायत?" आईने विचारलं.

"वय."

"मग नीट सांग त्यांना. म्हणावं, आज अकरा आहे, पण येत्या त्रयोदशीला बारा पूर्ण होतायत. म्हणजे आम्ही निघायच्या आठ दिवस आधीच. म्हणूनच हिचं तिकीट परत करतोय. पूर्ण तिकीट काढायला आत्ता जमत नाही, म्हणून ही येणारच नाहीये. एवढं सगळं सांग."

मी बाबूंकडे वळले. "आई म्हणते, हो, अकराच."

बाबूंनी टाक खाली ठेवला आणि दोन्ही तिकिटं गजांबाहेर सरकवली. "तुझी आई एवढी बोलली," ते शांतपणे म्हणाले, "आणि त्याचं बंगालीत एवढंसंच झालं?"

मला रडू फुटलं. रांगेतले लोक माना उंचावून बघायला लागले. हुंदके देत मी सगळं ओकले: त्रयोदशी, सोयर, मामाचा घोडा, काकीमा, आणि अर्धं तिकीट परत करायचं होतं तेही. आता हे मला पोलिसात देणार, अशी माझी खात्री झाली होती.

बाबूंनी खण उघडला आणि गुलाबी वेष्टनाची एक जाडजूड पोथी बाहेर काढली. त्यांचं पंचांग! रेल्वेच्या कचेरीत, भाड्याच्या तक्त्यांच्या खाली पंचांग! ते पानं उलटत म्हणाले, "शुक्ला त्रयोदशी?" उच्चार त्यांचा बंगाली, तोंड गोल करून केलेला, पण आईने मान वर केली. "शुद्ध त्रयोदशी," ती म्हणाली. "वैशाख." त्यांनी एका ओळीवर निळं बोट ठेवून पोथी गजांपाशी फिरवली. आईला ती लिपी वाचता येत नव्हती, तरी ती त्या ओळीकडे बघून होकारार्थी मान हलवत होती. त्यांनी नक्षत्र विचारलं. तिने सांगितलं. मी मध्ये नुसती उभी. ज्या दोन माणसांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता, ती माझ्या जन्मवेळेबद्दल माझ्यावाचून बोलत होती, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

मग त्यांनी मला शाळेतली तारीख विचारली. निघायच्या दिवसानंतर चार दिवसांनी. "झालं तर," बाबू म्हणाले. "रेल्वेला तिथी माहीत नाही. गाडीत बसताना तू अकराची, म्हणून उतरेपर्यंत अकराचीच. आता आईला सांग. आणि ह्या वेळी सगळंच्या सगळं सांग."

मी सांगितलं. आई म्हणाली, "पण औक्षण झाल्यावर अकरा कसं म्हणायचं?"

बाबू हसले. "माझी आई माझा वाढदिवस तिथीनेच करायची. कचेरीत माझी तारीख वेगळी आहे. यंदा मी निवृत्त होतोय, तो त्या तारखेने. तिथीने धरलं तर मी नऊ दिवस आधीच घरी बसायला हवं. मग ते नऊ दिवस ह्या खिडकीत बसेन, ते खोटं होईल का, विचार."

मी शब्दन् शब्द आईला सांगितला. मग तिने दोन्ही तिकिटं गजांतून आत सरकवली.

तारीख बदलून लिहिताना बाबू स्वतःशीच पुटपुटत होते, "खडगपूर, टाटानगर, बिलासपूर, रायपूर, नागपूर, भुसावळ, जळगाव." मी विचारलं, तुम्ही गेला आहात? "बर्दवानच्या पलीकडे कधी नाही," ते म्हणाले. "पण टीसी विचारेल हं. तुझ्या उंचीकडे बघून विचारेलच. शाळेचा दाखला जवळ ठेव."

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. दाखला कुठून आणणार? आणि परतताना ट्राममध्ये आईने सांगून टाकलं, "आणलीत तिकिटं, ठीक आहे. पण टीसीने मला विचारलं तर माझ्या तोंडून अकरा निघायचं नाही. मी बाराच सांगणार." म्हणजे गाडीत बसूनही माझं जाणं टांगलेलंच राहणार होतं.

त्रयोदशीला तिने नेहमीसारखं औक्षण केलं. ओवाळताना म्हणाली, "बारा वर्षांची घोडी झालीस." मी पाटावर अंग चोरून बसले होते, जणू तिथेच टीसी उभा होता. त्या दिवसांत ती दुपारी काकीमांकडे जाऊन बसायची आणि संध्याकाळी भाकऱ्या थापताना काहीतरी पुटपुटायची. मला वाटलं, भावाचं लग्न निर्विघ्न व्हावं म्हणून जप चाललाय.

गाडीने खडगपूर सोडलं, उन्हं कलली होती, आणि टीसी आमच्या डब्यात चढला. मी गुडघे पोटाशी घेऊन होता होईल तेवढी लहान झाले. त्याने तिकिटं बघितली, मला बघितलं, पुन्हा तिकीट बघितलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याने हाताने मला थांबवलं आणि आईला विचारलं, "मेयेर बयस कतो?"

आईने पदर सारखा केला. टीसीच्या डोळ्यांत बघून, तोंड गोल करून, ती स्वच्छ म्हणाली, "एगारो."

परक्या माणसाशी ती बोललेला तो पहिला बंगाली शब्द. टीसीने तिकिटांना चिमटा लावला आणि तो पुढच्या बाकाकडे गेला.

मी आईकडे बघतच राहिले. आकाशातून देव उतरला असता तरी मी इतकी थक्क झाले नसते. ओट्याशी दहा दिवस चाललेला जप कसला होता, ते मला आत्ता कळलं. तिने माझ्या गालांवरून हात फिरवले, आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली आणि वाकून माझ्या कानात म्हणाली, "बारा."