लॉबीतला शिंगाळा

"लिली, परत दोन गेले!"

गेर्शोन लॉबीच्या दुसऱ्या टोकाकडून एवढ्या मोठ्याने ओरडला की रिसेप्शनवर उभं असलेलं जोडपं दचकलं. मी बादली खाली ठेवली नि धावले. टाकीत दोन सोनमासे उताणे तरंगत होते. एकाला शेपूटच उरली नव्हती. खाली दगडाआड आमचा मोठा अमनून पोटभर जेवलेल्या माणसासारखा निवांत उभा होता. मेला!

ही १९६३ची, इस्राएलातल्या अश्केलोनची गोष्ट. समुद्रावरचं नवंकोरं हॉटेल, आणि गेर्शोन त्याचा मॅनेजर. मूळचा रुमानियाचा, तोंडाचा फटकळ, मनाचा स्वच्छ. इथे मॅनेजरला साहेब म्हणायची पद्धत नाही, सरळ नावाने हाक मारायची. पहिले काही महिने माझी जीभच वळेना. त्याने डायनिंग हॉलच्या दाराला लागून काचेची भलीमोठी टाकी बांधून घेतली होती. दोन पलंग आडवे मावले असते. त्यात त्याला अख्खं गॅलिलीचं तळं दाखवायचं होतं, म्हणून तिथले अमनून आणले. दिसायला देखणे, छातीवर लाली. मुंबईकरांना तिलापिया माहीत असेल, त्याचेच हे भाऊबंद. या सगळ्या खानदानाला सिक्लिड म्हणतात. खानदान हुशार आहे, पिल्लं जिवापाड सांभाळतं, पण भांडकुदळ. जोडी जमली की एक कोपरा आपला म्हणायचा, मग अर्धी टाकी आपली, मग सगळीच आपली.

"इथे पन्नास देशांतली माणसं एकत्र राहतात," गेर्शोन म्हणाला. "मासे का नाही राहणार?"

"माणसं चावत नाहीत, गेर्शोन."

"तू आमच्या युनियनच्या मीटिंगला कधी आली नाहीस."

हसण्यावारी गेलं, पण माझी नोकरी याच टाकीवर टांगलेली होती. मी मुंबईची झूऑलॉजीची बी.एस्सी., तिथल्या मत्स्यालयात टाक्या सांभाळलेल्या. आणि अश्केलोनला आल्यावर काम काय मिळालं, तर संत्री पॅक करायचं. हॉटेलने घेतलं ते ट्रायलवर. ट्रायल पार पडली की 'क्वियूत', म्हणजे कायमची नोकरी. एकदा ती मिळाली की काढणाऱ्याच्या नाकी नऊ येतात. मला ती हवी होती, अगदी मनापासून हवी होती. पेसाखच्या सणाला हॉटेलचे मालक तेल अवीवहून येणार होते. टाकीत असेच मुडदे तरंगताना दिसले तर टाकी जाणार, तिथे फुलझाडं येणार, आणि मी परत संत्र्यांत.

गेर्शोनला मी खुर्चीत बसवलं आणि शिकवणी घेतली. तोंडात मावेल तो सोबती नव्हे, तो नाश्ता. सिक्लिडचं सगळ्यात मोठं वैर आपल्यासारख्याच दिसणाऱ्याशी, म्हणून सोबती रंगा-रूपाने वेगळा हवा. आणि राहायचा मजला वेगळा हवा. हे मधल्या पाण्यात फिरतात, तर दुसरा तळाशी बसणारा बघायचा.

"असा आहे कोण?"

"आहे. मी आणते."

तळ्याकडून मासळीची लॉरी यायची. ड्रायव्हरला सांगून मी एक मिशीवाला मागवला. आपल्या कोकणात शिंगाळा म्हणतात ना, त्या जातकुळीतला, गोड्या पाण्यातला. अंगाने अमनूनएवढाच, म्हणजे कुणी कुणाला गिळायची भीती नाही. टाकीत सोडला. मोठा अमनून तीरासारखा आला आणि धडकला. शिंगाळा ढिम्म. परत धडकला. शिंगाळ्याने मिशा हलवल्या नि दगडाखाली जाऊन पडला. तिसऱ्यांदा अमनून आला, जरा थांबला आणि नाद सोडून निघून गेला. गेर्शोनने रिसेप्शनसमोर नाच केला. मीही हरभऱ्याच्या झाडावर चढले. आता क्वियूत माझ्या खिशात, असं वाटलं.

मग शुक्रवार आला आणि शुक्रवारी अव्राम आला.

अव्राम हॉटेलचा मश्गीआख. म्हणजे किचनमध्ये सगळं कोशेर, धर्माच्या नियमाने चाललंय की नाही ते बघणारा. मोरोक्कोचा, बारीक चणीचा, आवाज कधी न चढवणारा. तो टाकीपुढे बराच वेळ उभा राहिला.

"लिली, या माशाला खवले कुठे आहेत?"

"याला नसतात. असलाच असतो तो."

"बिनखवल्याचा मासा धर्माला चालत नाही. मग तो या घरात कसा?"

"अहो, तो लॉबीत आहे, किचनमध्ये नाही!"

"दार एकच आहे," अव्राम म्हणाला. "काल एका पाहुण्याने वेटरला याच्याकडे बोट दाखवून विचारलं, हा तळून मिळेल का? त्याला वाटलं, टाकीतला मासा ताटात येतो. आता तो घरी जाऊन सांगणार, अश्केलोनच्या हॉटेलात बिनखवल्याचा मासा खिलवतात. आज संध्याकाळी शब्बाथ, आपला विश्रांतीचा दिवस लागतो, त्याच्या आत हा बाहेर गेला पाहिजे. नाहीतर मी दारावरचं कोशेरचं सर्टिफिकेट काढतो."

गेर्शोनचा चेहरा पांढराफटक. सर्टिफिकेट गेलं तर पेसाखला एक पाहुणा फिरकणार नाही. शिंगाळा दुपारच्या लॉरीने परत तळ्याला गेला. मी घरी आले ती धुमसतच. सासूबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, माझी बाजू घेतील.

"अगो लिली!" त्यांनी कपाळावर हात मारला. "रेवदंड्याला आम्हाला ना धड प्रार्थना येत होत्या, ना पोथी वाचता येत होती. पण शिंगाळा कधी उंबऱ्याच्या आत आला नाही. खवले नि पर बघितल्याशिवाय कोळणीला टोपलीसुद्धा उतरवू दिली नाही. तेवढ्यावर आम्ही ज्यू राहिलो. नि तू इस्राएलात येऊन, कोशेर हॉटेलात शिंगाळा पाळलास?"

मग मला एकदम हसू फुटलं आणि त्याही हसायला लागल्या. खरंच, बेने इस्राएलच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या पोरीने मासा बघितला आणि खवले बघितले नाहीत! कॉलेजात मी मिशा, तोंड, कल्ले, सगळं शिकले. माहेरी शिकलेलं तेवढं विसरले.

हसता हसताच डोक्यात प्रकाश पडला. खवलेच हवेत ना? मग बिनीत! त्याच तळ्यातला, आपल्या नदीतल्या खडशी माशासारखा, अंगावर हे मोठाले खवले. तळाशी नाही राहत, पण चपळ आणि झुंडीने फिरणारा. झुंडीत गुंडाला एकाच्या मागे लागता येत नाही. एकाला धरायला जावं तर दुसरा मध्ये येतो.

बिनीत आले. सोडले आणि मोठ्या अमनूनने त्यांना कोपऱ्यात असं दाबलं की खवले उडाले. शिंगाळा गेल्यावर महाराज आणखीच माजले होते, सगळी टाकी आपल्या बापाची समजत होते. मालक यायला फारसा वेळ नव्हता. मी बाह्या सरसावल्या, सगळे मासे पिंपांत काढले आणि दगड उपसायला लागले.

"लिली, वेड लागलं का? आत्ता टाकी मोडतेस?" गेर्शोन केस उपटायचा बाकी होता.

"मोडत नाही, घरं बदलतेय. त्याची दादागिरी कशावर आहे? तो आधी आला आणि त्याला कोपरान्‌कोपरा माहीत आहे, एवढ्यावरच. सगळे दगड हलवले की तोही नवा."

"हे या देशाच्या सरकारला सांगायला पाहिजे," गेर्शोन म्हणाला आणि कोट काढून दगड उचलायला आला.

आधी बिनीत सोडले. ते रुळले, मग बाकीचे अमनून, आणि दादा सगळ्यांच्या शेवटी. दादा आत आले, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आपला कोपरा कुठे, काही कळेना. पाव्हण्यासारखे भिंतीकडेने हिंडत राहिले. मला इतका आनंद झाला की मी काचेवर टिचकी मारून त्याला शालोम केलं.

मालक आले, सोबत त्यांचे अमेरिकेचे एक मित्र. टाकी झळझळत होती. अव्रामने एकेका माशाचे खवले आधीच बघून ठेवले होते आणि तो कधी नव्हे तो हसत उभा होता. अमेरिकन पाहुणे काचेला नाक लावून उभे राहिले. मग त्यांनी सगळ्यात देखण्या बिनीतकडे बोट दाखवलं.

"रात्रीच्या जेवणाला हा चालेल. कोशेर आहे ना?"

"शंभर टक्के कोशेर," अव्राम म्हणाला. "माझी काही हरकत नाही."

गेर्शोनने माझ्याकडे पाहिलं, मी मालकांकडे. पाहुण्याला नाही म्हणायची कुणाची छाती होईना. मी सरळ टाकी आणि पाहुणे यांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"माफ करा," मी म्हटलं. "हे सगळे इथले कायम कर्मचारी आहेत. त्यांना काढता येत नाही. कायम नाही अशी इथे मी एकटीच."

म्हातारे मालक एवढ्या मोठ्याने हसले की त्यांना खोकला आला. खोकता खोकताच गेर्शोनला म्हणाले, "हिलाही कायम करून टाक. नाहीतर ही माझे दगड हलवेल."

रिटायर होईपर्यंत मी तिथेच राहिले. अजून लोक विचारतात, सिक्लिडबरोबर कोणते मासे ठेवावेत? मी सांगते, तोंडात न मावणारे, दिसायला वेगळे, झुंडीने राहणारे. आणि टाकी किचनपासून लांब ठेवा.