दहा दिवसांचं औषध

माशांच्या अंगावरचे पांढरे ठिपके गेले की घरातली माणसं हसायची आणि मीनमामांच्या कपाळाला आठी पडायची. "झाले बरे!" असं कुणी म्हटलं तरी ते टाकीसमोरच्या स्टुलावरून उठत नसत. "बरे कुठले? आतां खरें काम," म्हणत. ठिपका दिसतो तेव्हा किडा माशाच्या कातडीखाली असतो, तिथं औषध पोचत नाही. तो गळून तळाच्या खड्यांत पडतो, तिथं एकाचे शेकडो होतात, आणि ते नवा मासा शोधायला पाण्यात सुटतात तेव्हाच काय ते औषधाच्या तावडीत सापडतात. हे त्यांनी चेन्नईच्या अड्यारमधल्या कितीतरी घरांत न कंटाळता समजावलं होतं. म्हणून शेवटचा ठिपका गेल्यावर आणखी दहा दिवस औषध. नऊ नाही, दहा.

मीनमामा आमचे घरमालक. तंजावूरकडचे मराठी. सारी नोकरी डिफेन्सच्या कारखान्यात सुटे भाग तपासण्यात गेली होती, आणि निवृत्तीनंतर कॉफीपलीकडे काही न घेता ते लोकांचे मासे तपासत फिरायचे. तमिळमध्येही माशाला मीनच म्हणतात, त्यामुळे हे नाव त्यांना आम्ही दिलं की गल्लीने, कुणास ठाऊक. मी बँकेच्या बदलीने साताऱ्याहून आलेला, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. पहिल्याच दिवशी माझं बोलणं ऐकून ते मामींना म्हणाले, "ऐकलीस कां? ह्याचें मराठी सरकारी पत्रासारखें आहे. खालीं सही तेवढी राहिली." त्यानंतर बारा वर्षं मी त्यांच्या घरी रोज संध्याकाळी कॉफी प्यायलो.

कारखान्याची सवय त्यांच्या अंगात होती. भिंगातून ठिपके मोजायचे, आकडा सांगायचे आणि मामींना तो पुन्हा म्हणायला लावायचे. मामी चिडायच्या. "माझ्या अंगावर पुरळ उठलें तेव्हां इतकें बघितला नाहींत तुम्ही!" त्यावर मामा गंभीरपणे म्हणायचे, "तूं पोहत नाहींस." लोच नावाच्या माशाला ते औषध नेहमी अर्धंच द्यायचे, कारण त्याचे खवले नावालाच असतात. "लोच म्हणजे सदरा न घातलेला मनुष्य. त्याला ऊन अर्धेंच पुरें." एवढी काटेकोर माणसं सहसा संशयी असतात. मामा नव्हते. तपासणाऱ्याने एकदा 'ठीक' म्हटलं की ते ठीक, दुसऱ्याने पुन्हा मोजायचं नाही, असा त्यांचा नियम होता. तो त्यांना माझ्यामुळे नडला.

एका डिसेंबरात त्यांनी टाकीत नवं शेवाळ लावलं आणि त्याच्याबरोबर तो रोग आला. टाकीत अकरा एंजल मासे होते, पिल्लांपासून वाढवलेले. औषध सुरू झालं आणि तिसऱ्याच दिवशी तंजावूरला मामांचे थोरले भाऊ वारले. दोघांनाही पंधरा दिवस जाणं भाग होतं. किल्ली माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "दररोज चौथा हिस्सा पाणी बदल. मग औषध. ठिपके गेले तरी थांबूं नकोस. तुज सांगायला नको."

त्यांना पोचून दोन दिवस झाले आणि ठिपके गेले. टाकी अशी स्वच्छ, मासे असे खुशीत, की मला वाटलं, झालं. बँकेत काम होतं, बादल्या उचलून पाठ धरली होती. एक दिवस गेलो नाही. संध्याकाळी तंजावूरहून फोन आला, "घातलास कां?" मी म्हणालो, "हो मामा, घातलं." ते वाक्य इतकं सहज निघालं की दुसऱ्या दिवशी जायचं कारणच उरलं नाही. रोज फोन यायचा. रोज मी हो म्हणायचो. सकाळी दाणे टाकून दोन मिनिटांत वर यायचो.

मामा गेल्यापासून नवव्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले. अंगावर रवा सांडल्यासारखं झालं होतं. मी घाबरून औषध घातलं, पण उशीर झाला होता. मामा परतले तेव्हा दोन मासे उरले होते, ते त्यांच्यासमोर गेले. त्यांनी एकदाच विचारलं, "रोज घातलास की?"

"हो, मामा."

ते रिकाम्या टाकीकडे बघत होते. मग म्हणाले, "मग रोग बदलला. जुन्या मात्रेस भीत नाहीं आतां."

त्यांनी मला दोष दिला असता तर मी भांडलो असतो आणि भांडता भांडता कबूलही केलं असतं. त्यांनी दोष दिला तो आपल्या औषधाला.

चारपाच महिन्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या अंबत्तूरहून एका टीचरचा फोन आला. त्यांची आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. तिला बघायला काहीतरी हलतं हवं म्हणून पलंगासमोर टाकी ठेवलेली, तीत सहा लोच. एसीने पाणी गार पडलं आणि ठिपके आले. मी मामांना स्कूटरवरून घेऊन गेलो. औषध मोजताना त्यांचा हात थबकला. मला म्हणाले, "अर्ध्यानें व्हायचें नाहीं. आमच्या घरीं काय झालें, तूंच बघितलास." तेच टीचरना तमिळमध्ये सांगून त्यांनी पूर्ण मात्रा घातली. मी शेजारी बाटलीचं झाकण धरून उभा होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सहाच्या सहा मासे तळाशी आडवे पडलेले होते. ती म्हातारी बोलू शकत नव्हती. मासे काढताना ती फक्त जाळीकडे बघत होती. मामा घरी आले, भिंग पुसून कपाटात ठेवलं आणि पुन्हा बाहेर काढलं नाही.

त्यानंतर दोन वर्षं मी गप्प होतो. एकदा जिना उतरताना ऐकलं. कुणी बाई पिशवीत मासा घेऊन दारात उभी होती आणि मामा तिला सांगत होते, "मला येत नाही ते. कुणा जाणत्याला विचारा." ज्यांना सारं येत होतं, ते हे सांगत होते. त्याच संध्याकाळी कॉफी समोर आल्यावर मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, त्यांचं औषध खरं होतं हे कळलं की ते सुटतील.

त्यांनी विचारलं, "किती दिवस घातला नाहींस?"

"सात."

"म्हणजे मात्रा बरोबर होती."

"बरोबर होती, मामा."

मामी स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या होत्या. मामा हळू आवाजात म्हणाले, "मग त्या सहांस मीं उगाच मारलों." हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी माझं ओझं उतरवायला गेलो होतो, ते त्यांच्या डोक्यावर ठेवून आलो.

रविवारी त्यांनी मला अंबत्तूरला न्यायला सांगितलं. स्कूटरवर बसवेना, म्हणून रिक्षा केली. टाकीच्या जागी आता औषधांचं टेबल होतं. मामा उभ्यानेच तमिळमध्ये टीचरना म्हणाले, "रोग बदलला असं मी तुम्हाला सांगितलं, ते खरं नव्हतं. अर्ध्या औषधाने तुमचे मासे वाचले असते. मी पूर्ण घातलं. माफ करा."

"अय्यो आजोबा, आता कशाला ते? बसा," टीचर म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "पण तुमच्या घरचे मासे तर औषध चालू असतानाच गेले ना? ते कसे गेले मग?"

मामा लगेच बोलले नाहीत. पलंगावरून म्हातारी आमच्याकडे बघत होती. मी टीचरनी दिलेल्या कॉफीवर फुंकर घालत राहिलो. शेवटी मामा म्हणाले, "तिथं माझं लक्ष कमी पडलं."

परतताना रिक्षात मीच विषय काढला. "मामा, तुम्ही माझं नाव घ्यायला हवं होतं."

"तूं बोलशील म्हणून थांबलों होतों," ते म्हणाले. रागाने नव्हे. वेळ किती झाली ते सांगावं तसं.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर मीनमामा गेले. मामी मुलीकडे कोइंबतूरला गेल्या. खालची जागा आता दुसऱ्या कुणाची आहे. अंबत्तूरच्या त्या घरात मेलेले सहा मासे आजही मामांच्याच नावावर आहेत, आणि आमच्या घरातले अकराही. टीचरचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. माझं तमिळ बारा वर्षांत चांगलं झालं आहे, बँकेत दिवसभर तेच बोलतो.

पण हे सगळं मी मराठीत लिहिलं आहे. टीचरना मराठी वाचता येत नाही, हे मला लिहायला बसलो तेव्हाही माहीत होतं.