पेडलला अडकलेला पाय

मेव्हण्याने अमेरिकेहून सायकलची पेडलं आणि त्यांचे खास बूट पाठवले होते. बूट पेडलला खटकन अडकायचा. टाच बाहेर वळवली तरच सुटायचा. पर्वत पाटिया चौकातल्या सिग्नलला टाच वळवायचं मी विसरलो आणि सायकलसकट आडवा झालो.

शेजारच्या सायकलवरून कापडाच्या लूमवर काम करणारा एकजण उतरला. केसांत सुताची कुसं, बोली खानदेशी. त्याने मला उठवलं. बुटांच्या तळाला लोखंड असल्यामुळे मी खुरडत कडेला गेलो, तेव्हा त्याने हळूच विचारलं, "भाऊ, पाय जलमपासून असा शे का?"

अमेरिकन पेडलने पाडलं हे सांगण्यापेक्षा होकारार्थी मान हलवणं सोपं गेलं.

त्यानंतर रोज सकाळी सिग्नलला तो माझी सीट धरून उभा राहायचा, मला पाय टेकावा लागू नये म्हणून. काही दिवसांनी तो अनवाणी दिसू लागला. चपला हँडलला लटकवलेल्या. झिजू नयेत म्हणून असेल, असं वाटून मला हसूही आलं.

शेवटी त्या सीटवरच्या हाताची लाज वाटून मी साधी पेडलं बसवली, चपला घातल्या आणि सिग्नलला पाय टेकून उभा राहिलो. तो बघतच राहिला.

"भाऊ, तुमना पाय बरा व्हयना! देवीले नवस करेल व्हता मी!"

मी तोंड उघडेपर्यंत त्याने हँडलच्या चपला काढून पायात घातल्या होत्या.