डॅम्पर बदलला तो रविवार

माझा धाकटा भाऊ पिकअप चालवायचा. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून कपाटं, पलंग, सोफे उचलायचे आणि बदलापूर, खरवई, सोनिवलीच्या नव्या बिल्डिंगांमध्ये पोचवायचे, हा त्याचा धंदा. गाडी जुनी, दोन मालक बघून त्याच्याकडे आलेली. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत मेंटेनन्स फिटर. त्यामुळे गाडीचं काही निघालं की पहिला फोन मला.

"दादा, गाडी पिसाळते," तो एकदा म्हणाला.

"पिसाळते म्हणजे?"

"फोनवर नाही कळणार. तू शेजारी बस एकदा."

बसलो. पाइपलाइनच्या रस्त्याला लागलो, काटा पन्नासच्या जवळ आला आणि डांबराच्या एका उंचवट्यावरून पुढचं चाक गेलं. आधी नुसती थरथर आली. मग स्टेअरिंग त्याच्या हातात डावं-उजवं असं आपटायला लागलं, की मला त्याची बोटं दिसेनात. बॉनेट थडथडत होतं, समोरचा कप्पा उघडून सगळे कागद माझ्या मांडीवर पडले. त्यानं ब्रेक दाबत दाबत गाडी वीसच्या खाली आणली तेव्हा कुठे ती शांत झाली. तो माझ्याकडे बघून हसला. "आता कळलं?"

उल्हासनगरचा टायरवाला म्हणाला, "पहले बॅलन्सिंग करा लो." करून घेतलं. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी पुढची दोन्ही चाकं जोडणारा टाय रॉड हलवून बघितला. त्याचा एक सांधा सैल होता, तो बदलला. हादरे कमी झाले, पण गेले नाहीत. राहिला डॅम्पर. स्टेअरिंगचे झटके गिळायला एक आडवा शॉक बसवलेला असतो, तो. त्यातून तेल गळत होतं.

इथे मला थांबायला हवं होतं. डॅम्पर हादरे गिळतो, पण तो गेला म्हणून हादरे सुरू होत नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. हादरे दुसरीकडून येतात. ते कुठून येतात हे शोधायची रीतही माहीत होती. एकानं वर बसून स्टेअरिंग डावं-उजवं फिरवायचं, दुसऱ्यानं खाली झोपून एकेक सांधा बघायचा, मग चाक जॅकवर उचलून पहार लावून हलवायचं. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम. पण रविवार होता, दुपारी साडूच्या मुलीची हळद होती, आणि बायकोचे दोन फोन येऊन गेले होते. मी नवा डॅम्पर बसवला आणि हात धुतले.

भाऊ चक्कर मारून आला तो ओरडतच. "साठला नेली दादा! पाण्यासारखी चालली!"

त्या आठवड्यात त्यानं भेटेल त्याला सांगितलं. बाजारातल्या शेठला सांगितलं, टायरवाल्याला सांगितलं, सासुरवाडीलाही सांगितलं, की तीन गॅरेजवाल्यांना जमलं नाही ते माझ्या दादानं केलं. खरं तर गॅरेजवाले तीन नव्हतेच. त्याच्या बायकोनं डबा भरून सुकटीचं कालवण पाठवलं. मला ते सगळं आवडलं. आमचे वडील गेल्यावर मी त्याला वाढवलं, पण मी काहीतरी मोठं केलं असं त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. त्याला कसं सांगायचं, की अरे, मी रोग झाकलाय, काढलेला नाही?

पाच-सहा महिने गेले. एके दिवशी फोनवर दुसरंच काही बोलता बोलता तो म्हणाला, "स्टेअरिंग परत थोडं गुणगुणतंय रे."

"आणून ठेव रविवारी. बघू."

त्या रविवारी माझी ड्युटी लागली. पुढच्या रविवारी त्याला भाडं होतं.

खरवईत एका चौथ्या मजल्यावरच्या घरी तो मोठं आरशाचं कपाट घेऊन निघाला होता. दुपारचे तीन वाजले असतील. खड्डा तसा मोठाही नव्हता, तो नंतर जाऊन मी बघितला. स्टेअरिंगनं एवढ्या जोरात उसळी घेतली की त्याचा उजवा अंगठा चाकाच्या आडव्या दांड्यात अडकला आणि मनगटासकट पिळवटला. समोरून दोन बायका कडेवर पोरं घेऊन येत होत्या. त्यानं डाव्या हातानं आणि कोपरानं गाडी भिंतीवर घातली. बायकांना काही झालं नाही. कपाट फुटलं. त्याच्या मनगटात स्टीलची पट्टी घालून सहा स्क्रू बसवले. डॉक्टरांनी जे करायचं ते केलं. पण अंगठा पुन्हा वळला नाही. आजही त्याला ग्लास उजव्या हातात धरता येत नाही.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तो मला म्हणाला, "माझीच चूक रे. खड्डा दिसला होता."

मी म्हणालो, "आता बोलू नको."

पंधरा दिवसांनी मी त्याच्या बायकोला घेऊन गाडी ठेवली होती त्या गॅरेजात गेलो. तिला कागदपत्रं न्यायची होती. रेडिएटर आत गेला होता, बंपर वाकला होता, पण पुढची चाकं वळत होती. मला राहवलं नाही. तिला म्हटलं, "जरा वर बस आणि मी सांगेन तसं स्टेअरिंग फिरव."

ती त्याच्या जागेवर बसली. तिनं आधी पदरानं स्टेअरिंग पुसलं. मी खाली झोपलो.

"डावीकडे. आता उजवीकडे. परत."

टाय रॉड ठीक होता. स्टेअरिंगचा बॉक्स ठीक होता. चाक ज्या उभ्या जाड पिनवर वळतं, त्या किंग पिनपाशी मात्र प्रत्येक वेळी आधी एक हलकी खट व्हायची, आणि मग चाक वळायचं. जॅक लावला, टायरखाली पहार घालून उचललं, तर अख्खं चाक वर-खाली झालं. हे भिंतीवर आपटून झालेलं नव्हतं. ताजी मोड चकचकते. ही झीज तपकिरी होती, गंजाची पूड धरलेली. वर्षभराची तरी. बघायला मला वीस मिनिटंही लागली नाहीत.

वरून तिनं विचारलं, "सापडलं का दादा?"

"हो. एक पिन झिजली होती."

"आधी नसतं का कळलं?"

मी खालीच पडून होतो. तिला माझा चेहरा दिसत नव्हता. "नाही," मी म्हणालो. "आतली गोष्ट आहे. नाही कळत."

गाडी भंगारात गेली. भाऊ आता खरवईत एका कॉम्प्लेक्सच्या गेटवर बसतो. आत येणाऱ्या गाड्यांचे नंबर डाव्या हातानं वहीत लिहितो. सुरुवातीला त्याची अक्षरं बघवत नव्हती.

यंदा दिवाळीनंतरच्या एका दुपारी मी त्याच्या बदलापूरच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. डॅम्परचं, हळदीचं, मला काय माहीत होतं त्याचं. तो शेंगा सोलत होता, डाव्या हातानं, एकेक शेंग ताटाच्या काठावर दाबून. त्याचा हात थांबला. तो ओरडेल असं मला वाटलं होतं. खरं सांगायचं तर ओरडावं अशीच इच्छा होती.

हातातली शेंग ताटात टाकून तो म्हणाला, "मला सांगायचं होतंस दादा. मी हळू चालवली असती."

एवढंच. मग आत ओट्याकडे नजर टाकून म्हणाला, "तिला तू सांग. मी नाही सांगणार."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि तिला सांगितलं. गॅरेजात मी खोटं बोललो, तेही सांगितलं. ती चहाला आधण ठेवत होती. तिनं गॅस बंद केला, पातेलं खाली उतरवलं आणि गॅलरीत जाऊन पाठमोरी उभी राहिली. खाली कुणाच्या तरी घराचं सामान उतरत होतं, त्याचा आवाज येत होता. मी चपला घातल्या.

भाऊ मला रिक्षापर्यंत सोडायला आला. रिक्षा सुटताना सवयीनं म्हणाला, "पोचलास की फोन कर."

अंबरनाथला घरी पोचल्यावर मी फोन केला. तो वाजत राहिला.